अमेरिकेत शिकताना इंग्रजीच्या प्रादेशिक बोलींवरचा कोर्स घ्यावा का? त्याने आपलं इंग्रजी सुधारतं का?

उच्चार सुधारतील म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. मी त्याच आशेने घेतला होता. विस्कॉन्सिनमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकत होते, एक विषय दुसऱ्या विभागातून घेणं भाग होतं.

पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. एक कॉट म्हणजे खाट आणि दुसरा कॉट म्हणजे 'पकडला'. मग दोन्ही उच्चारून विचारलं, फरक कुणाला ऐकू येतो? निम्म्या वर्गाने हात वर केले. मला तर काही म्हणजे काही फरक कळेना (आत्ता देवनागरीतही दोन्ही सारखेच लिहिलेत, बघा). हा माझ्या मराठी माध्यमाचा प्रताप, असं धरून मी खाली मान घालून बसले. तेवढ्यात शेजारचा ओरेगनचा मुलगा म्हणाला, "मलाही एकच ऐकू येतो." अमेरिकेच्या पश्चिम भागात हे दोन स्वर बहुतेकांच्या तोंडी एक झालेत. दक्षिणेत तसंच 'पिन' आणि 'पेन'चं. त्यामुळे तिकडे लिहायचं पेन हवं असेल तर मुद्दाम 'इंक पेन' मागतात.

मला सगळ्यात आवडला तो विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाचा 1962चा प्रयोग. न्यूयॉर्कमधली तीन दुकानं: महागडं सॅक्स, मधलं मेसीज आणि स्वस्तातलं क्लाइन. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि विक्रेत्यांना नेमकं तेच कुठे आहे म्हणून विचारायचं. उत्तर येणार, 'फोर्थ फ्लोअर'. मग नीट ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचं आणि आडोशाला जाऊन टिपून ठेवायचं, 'र' उच्चारला की गिळला. सॅक्समध्ये 'र' सर्वात जास्त, क्लाइनमध्ये सर्वात कमी. मला लगेच आपला 'न' आणि 'ण' आठवला. भारी साड्यांच्या दुकानात शिरलं की 'पाणी'तला ण किती जपून बाहेर पडतो!

गृहपाठ मात्र जीव काढतो. कुणातरी स्थानिक वयस्कर माणसाला बोलतं करायचं आणि रेकॉर्डिंग ध्वनिलिपीत, म्हणजे प्रत्येक उच्चार जसाच्या तसा दाखवणाऱ्या खुणांमध्ये, उतरवायचं. मी माझ्या घरमालकीणबाईंना पकडलं. सार्वजनिक ठिकाणच्या प्यायच्या पाण्याच्या नळाला काय म्हणता, असं विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बबलर! दुसरं काय म्हणणार?" हा शब्द विस्कॉन्सिनच्या पूर्व भागाची खूणच आहे. अमेरिकी प्रादेशिक इंग्रजीच्या मोठ्या कोशासाठी 1965 ते 1970 या काळात विस्कॉन्सिन विद्यापीठाची माणसं गाड्या घेऊन 1,002 गावं-शहरं फिरली, ती असेच प्रश्न विचारत. त्या गाड्यांना 'वर्ड वॅगन' म्हणत. पहिला खंड 1985 साली आला, शब्दांचा शेवटचा, पाचवा, 2012मध्ये. माझं काम फक्त दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगचं, पण त्यात चार संध्याकाळी गेल्या.

माझे उच्चार होते तसेच राहिले. कान मात्र तयार झाला. आता फोनवर कुणी 'कोक' हवाय का म्हणून विचारून पुढे "कुठला?" म्हणालं, तर माणूस दक्षिणेतला असणार हे कळतं. तिकडे कुठल्याही थंड पेयाला कोक म्हणणारे पुष्कळ.

आणि हो, ध्वनिशास्त्राचा प्राथमिक कोर्स झाला नसेल तर आधी तो घ्या. मी उलट क्रमाने केलं, म्हणून 'बी' ग्रेड मिळाली.