नैरोबीला निघालास? आधी एवढं कर

जय ख्रिस्त, लेकरा. केनियात मिशनच्या सेवेला जायचं म्हणून जालन्यात बसून प्रवचनांची वही भरतोयस, भर. पण पहिल्या महिन्यात घोळ होतात ते भलत्याच गोष्टींत.

१. पिवळ्या तापाची लस. निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घे. कार्ड पासपोर्टसोबत ठेव. ते नसलं तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात टाकतात.

२. आई चटण्या-पापड प्लास्टिकच्या कॅरीबॅगांत बांधून देईल. केनियात २०१७ पासून या पिशव्यांवर बंदी आहे, दंडही जबर. डबे आणि कापडी पिशव्या घे.

३. घड्याळ. नवखी पोरं सगळ्यात जास्त इथंच फसतात. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. त्यांचे तीन म्हणजे आपले नऊ. ‘तीनला घरी या’ म्हटलं की आपला पठ्ठ्या दुपारी उगवतो, आणि घरची मंडळी सकाळपासून चहा करून ताटकळलेली. सकाळी की दुपारी, सरळ विचार. हसले तर हसू दे.

मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये, चढण्याआधी भाडं विचारून घे, पाऊस आला की ते वाढतं. फोनवर एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची तिथली सोय) सुरू कर, भाजीवालीसुद्धा त्यावर पैसे घेते. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे परभणीचा मे महिना नव्हे. नैरोबी १,७०० मीटरच्या वर आहे, जुलैत चांगलंच गारठतं.

उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, वाढली की हातानंच खायची, नाक मुरडायचं नाही.

परवान्याचं, भाषेच्या शिकवणीचं नंतर बोलू. आधी लसीची तारीख घे.