ॲनिमेशनपटात पात्राचा आवाज आधी मुद्रित करावा की हालचाल आधी करावी?

नाशिकमध्ये मराठी लघुपट करणाऱ्यांनी आवाजच आधी मुद्रित करावा, असे माझे ठाम मत आहे. चित्रपटात सेकंदाला साधारणपणे २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकापाठोपाठ दिसणारी स्थिर चित्रे) असतात; ‘प’, ‘ब’, ‘म’ उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात आणि ते मिटलेले ओठ योग्य चौकटीवर दिसले नाहीत, तर आवाज पात्राचा वाटतच नाही. पात्राची रेखाटने मात्र ध्वनिमुद्रणापूर्वी कलाकाराला अवश्य दाखवावीत, कारण दिंडोरीचा पाठीत वाकलेला द्राक्षबागायतदार आणि पंचवटीतला ताठ बसणारा पुजारी यांचा श्वास, आणि म्हणून बोलण्याची लयही, वेगळी असते. बोलताना कलाकाराचा चेहराही चित्रित करून ठेवावा. भुवयांचे आणि मानेचे बारकावे ॲनिमेटरला त्यातूनच मिळतात. तयार हालचालीवर आवाज चढवण्याची पद्धत मुख्यतः अन्य भाषांतील आवृत्त्यांसाठी योग्य आहे.