4 जीबी रॅमचा लॅपटॉप आणि गावचं मोबाईल इंटरनेट: नेटवर्किंगचा सराव कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून ये-जा करत संगणक अभियांत्रिकी चालू आहे, तिसऱ्या वर्षाला कम्युनिकेशन आणि नेटवर्किंग हे स्पेशलायझेशन घेतलं, कॉलेजची लॅब आठवड्यातून एकदाच मिळते. जुने राऊटर-स्विच विकत घ्यावेत का?

घेऊ नका. तो पैसा रॅम 8 जीबी करण्यात घाला, आणि तेही जमत नसेल तरी अडत नाही. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) आणि ओएसपीएफवर (राऊटरनी आपसांत वाटा ठरवण्याची पद्धत) हात बसवायला चांगलं आहे. पण ती नक्कल आहे, खरा टीसीपी (डेटा हरवू न देता क्रमाने पोचवणारा नियमसंच) त्यात धावत नाही. खरा टीसीपी लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे, म्हणून मुख्य सराव मी नेटवर्क नेमस्पेसवरच (एकाच लिनक्समध्ये केलेली, एकमेकांपासून वेगळी आभासी यंत्रंच जणू) करायला सांगेन. त्याला रॅम नगण्य लागते, आणि लिनक्स, टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन), आयपर्फ3 (वेग मोजणारं साधन) एकदा टाकून घेतले की इंटरनेटचीही गरज उरत नाही.

'आयपी नेटएनएस' कमांडने तीन नेमस्पेस करा: घर, राऊटर, शाळा. वीईथच्या (आभासी केबलच्या) दोन जोड्यांनी घर–राऊटर आणि राऊटर–शाळा जोडा. घराला 10.0.1.2, राऊटरला 10.0.1.1 आणि 10.0.2.1, शाळेला 10.0.2.2 द्या, सगळीकडे /24. सगळे इंटरफेस 'अप' करा आणि रूट न टाकताच घरातून शाळेला पिंग करा. 'नेटवर्क इज अनरीचेबल' येईल, म्हणजे पॅकेट घराबाहेर पडलंच नाही. आता घराला राऊटरकडे जाणारा डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) द्या. या वेळी त्रुटी येणार नाही, नुसती शांतता. इथे बहुतेक मुलं फायरवॉल शोधत बसतात. आधी राऊटरच्या नेमस्पेसमध्ये आयपी फॉरवर्डिंग (एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला पुढे देणं) चालू आहे का ते बघा, बहुधा ते 0 असतं. ते 1 केलं तरी उत्तर येणार नाही, कारण शाळेला परतीची वाट माहीत नाही. राऊटरच्या दोन्ही बाजूंना टीसीपीडम्प लावून ठेवा: शाळेच्या बाजूला विनंती जाताना दिसते आणि उत्तर दिसत नाही, तर दोष शाळेच्या रूटमध्ये. शाळेलाही राऊटरकडचा रूट दिला की पिंग होईल. मुलाखतीतल्या 'पिंग का होत नाही?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढ्यात आहे.

ही मांडणी मोडू नका, तिच्यावरच पुढचा धडा होतो. टीसी-नेटेमने (मुद्दाम विलंब घालणारं लिनक्सचं साधन) राऊटरच्या दोन्ही इंटरफेसवर 300 मिलिसेकंद विलंब घाला. जाऊन-येऊन 600 झाले, म्हणजे जवळपास भूस्थिर उपग्रहाची लिंक. शाळेच्या बाजूने टीसीपी विंडो स्केलिंग (विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा, 64 केबीच्या वर वाढवण्याची सोय) बंद करा आणि आयपर्फ3 ने घराकडून शाळेकडे डेटा पाठवा. विंडो जास्तीत जास्त 64 केबी, म्हणजे 5,24,288 बिट, भागिले 0.6 सेकंद: वेग 0.87 एमबीपीएसच्या वर जाणारच नाही, लिंक कितीही मोठी असो. विहिरीपासून वावरापर्यंतचा पाइप जितका लांब, तितकं जास्त पाणी आधी पाइपातच भरावं लागतं. टीसीपीचंही तसंच आहे. आकडा आधी वहीत काढा, मग पडद्यावर बघा. हा क्रम उलटा केला तर हाती काही लागत नाही.

कम्युनिकेशनची बाजू मात्र कागदावरच पक्की होते. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीत आली असेल तर तिचंच पॉवर बजेट (प्रकाश किती निघतो, वाटेत किती घटतो याचा हिशेब) मांडा. समजा ओएलटी (सेवा देणाऱ्याच्या टोकाचं यंत्र) +3 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) देतो. 15 किमी फायबर, दर किमीला 0.35 डीबी धरून 5.25. 1:16 स्प्लिटरचे (एका फायबरचा प्रकाश 16 वाटांत वाटणारा) साधारण 14. चार कनेक्टर, प्रत्येकी 0.5 धरून 2. एकूण घट 21.25, पोचतात −18.25 डीबीएम. बी-प्लस वर्गाच्या ओएनटीला (ग्राहकाच्या टोकाचं यंत्र) −27 पर्यंत चालतं, म्हणजे 8.75 डीबी हाताशी आहेत. एक धुळकट कनेक्टर आणि एक कच्चा जोड यातले बरेच खाऊन टाकतात. संगणक परिचालकांना विचारून ओएनटीवरचा एलओएसचा दिवा बघा: लाल असेल तर प्रकाशच येत नाही, आणि मग आयपी सेटिंग चाळण्यात अर्थ नाही. कनेक्टर काढून आत डोकावू मात्र नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक आहे.

संभाव्यता आणि सिग्नल्स हे विषय 'पास होण्यापुरते' करू नका. रांगेतला विलंब, बिट एरर रेट, सगळं तिथूनच येतं. सी भाषेत सॉकेटवर छोटा सर्व्हर एकदा तरी स्वतः लिहा.

गावातल्या कुणाला नेटवर्क टाकून द्यायचं असेल तर दोन गोष्टी. साध्या स्विचची मर्यादा बहुधा 40 अंश असते आणि मे महिन्यात टिनाच्या छताखाली ती सहज ओलांडते, तेव्हा स्विच खाली, सावलीच्या भिंतीला लावा. आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची कॅट-6 उघड्यावरून ओढू नका. 100 मीटरच्या आत असली तरी जूनच्या पहिल्या विजांमध्ये दोन्हीकडचे पोर्ट जाऊ शकतात. तिथे धातूचा अंश नसलेली फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरची (तांब्यातला सिग्नल फायबरवर आणि परत आणणारी पेटी) जोडी वापरा.