मेंदी नाही, जन्मापासूनचे!

प्रश्न : आम्ही ग्लासगोला असतो. नवरा स्कॉटिश. त्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी, वय 9, आमच्याकडेच असते. बापलेकीचे केस गाजराच्या रंगाचे. वर्गातली तीन मुलं तिला 'जिंजर' म्हणून चिडवतात, डबा खाताना खुर्च्या सरकवून लांब बसतात. परवा म्हणाली, 'मला तुझ्यासारखे काळे केस करून दे.' करून देऊ का?

उत्तर : नको. ब्रिटनमध्ये कायमस्वरूपी डायच्या खोक्यावर '16 वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असं छापलेलं असतं, ते उगाच नाही. गडद डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते सापडतं, तेव्हा ती पळवाटही नको. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. सहा आठवड्यांत भांगात दीड सेंटीमीटरचा नारिंगी पट्टा दिसेल, भुवया आणि पापण्या तर पहिल्या दिवसापासून लालच राहतील. चिडवणाऱ्यांना आयता दुसरा विषय मिळेल.

आता त्या मुलांचं. 'जिंजर' म्हणणं आणि खुर्च्या सरकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (ग्लासगोच्या जुन्या बोलीत जिंजर म्हणजे कुठलंही सोड्याचं पेय, लाल केसांची माणसं स्वतःलाही मजेत जिंजर म्हणवून घेतात. शब्दापेक्षा सूर बघा.) शब्दासाठी घरी तालीम करा. तुम्ही तो मुलगा व्हा, तिने कंटाळलेल्या आवाजात 'हो, माहितीये' एवढंच म्हणायचं आणि आधी ठरवलेल्या मैत्रिणीकडे चालू लागायचं. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. चुरचुरीत प्रत्युत्तरं पाठ करून देऊ नका. मूल मध्येच अडखळतं, किंवा समोरच्यांना खेळ आवडतो आणि तो लांबतो. 'तुझे केस किती सुंदर' हेही दिवसातून दहादा नको, घरीसुद्धा विषय केसांचाच राहतो.

खुर्च्या सरकवणं मात्र वाळीत टाकणं आहे आणि ते नऊ वर्षांच्या मुलीने एकटीने सोडवायचं नाही. दोन आठवडे वहीत नोंद ठेवा : तारीख, जागा, नेमके शब्द, कोणी पाहिलं, कोणत्या मोठ्या माणसाने काय केलं. मग वर्गशिक्षकांना ईमेल करा. त्यात 'छळ', 'क्रूर' असे शब्द नकोत, नोंदी पुरेत. तीनच गोष्टी विचारा : जेवणाच्या टेबलाकडे कोण लक्ष ठेवेल, त्रास झाला की तिने कोणाकडे जायचं आणि पुन्हा भेटायचं कधी. स्कॉटलंडचं शाळांसाठी 'रिस्पेक्ट फॉर ऑल' हे दादागिरी रोखण्यासाठीचं राष्ट्रीय धोरण आहे, शाळेचं स्वतःचं धोरणही असायला हवं. त्याची प्रत मागा. काही हललं नाही तर मुख्याध्यापक, मग कौन्सिल (स्थानिक नगरपालिका). भेदभावाविरुद्धच्या ब्रिटनच्या 2010च्या समानता कायद्याचा मुद्दा काढू नका. त्यातल्या नऊ संरक्षित वैशिष्ट्यांत केसांचा रंग नाही, वाद भलतीकडे जाईल. तिला परक्याशी बोलावंसं वाटलं तर चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा 0800 1111 हा क्रमांक फुकट आहे.

प्रश्न : (त्याच वाचक) आम्हाला बाळ झालं तर त्याचेही केस लाल होतील?

उत्तर : बहुतेक नाही. लाल रंग मुख्यतः एमसीवनआर या जनुकाच्या बदललेल्या प्रतींमुळे येतो आणि सहसा आई-बाप दोघांकडूनही तशी एकेक प्रत यावी लागते. वडलांकडून एक नक्की येईल. तुमच्याकडून येण्याची शक्यता फार कमी. बाळ काळ्या-तपकिरी केसांचं होईल, फार तर उन्हात लालसर झाक दिसेल. मोठीला हे आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर 'मीच तेवढी वेगळी' हे ती घरातही म्हणेल.

प्रश्न : (त्याच वाचक) मे महिन्यात मुलीला पहिल्यांदाच नाशिकला नेतोय. काय जपावं?

उत्तर : ऊन आणि नातेवाईक.

ग्लासगोत जूनच्या दुपारीही अतिनील निर्देशांक (उन्हातल्या भाजणाऱ्या किरणांचं माप) सहाच्या आसपास असतो, नाशिकला मे महिन्यात अकराच्या पुढे जातो. तिची त्वचा सावळी होणार नाही, थेट भाजेल. एसपीएफ 50चं क्रीम घ्या. चेहरा, मान आणि हातांसाठी दोन चहाचे चमचे. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग क्रीमला नावं ठेवतात. बाहेर पडण्याआधी अर्धा तास एकदा, निघताना पुन्हा, नंतर दर दोन तासांनी. हमखास विसरतात ते कानांचे शेंडे आणि भांग. भांगाची रेघ भाजते, म्हणून रुंद काठाची टोपी हवीच. खोबरेल तेलाने ऊन अडत नाही. अकरा ते चार घरात.

नातेवाईकांना आधीच फोन करा. 'एवढ्याशा पोरीला मेंदी कशाला लावलीस?' हा प्रश्न दारातच येणार आणि एखादा आतेभाऊ तिला 'लालपरी' म्हणणार. आजीने घरच्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं सगळ्यांत चालतं. मुलीला दोन मराठी वाक्यं शिकवा : 'मेंदी नाही, जन्मापासूनचे आहेत' आणि 'हात नका लावू.' दुसरं जास्त लागेल. देवळात, बाजारात अनोळखी बायका कौतुकाने केस कुरवाळतात. तुम्ही तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभ्या राहा.

प्रश्न : (सांगली) मुलगा 11 वर्षांचा, केस तांबूस. पोरं 'भुऱ्या' म्हणतात, सर म्हणतात डाय केलाय.

उत्तर : एक केस पांढऱ्या कागदावर धरून बघा. मुळाशी काळा आणि टोकाला तांबूस असेल तर ऊन किंवा पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन. पोहण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवले की क्लोरीन कमी शिरतं. मुळापासून टोकापर्यंत एकच रंग, भुवयाही तशाच आणि लहानपणापासून तसेच असतील तर ते उपजत. पण केस अलीकडेच विरळ झाले, ओढताच हातात येतात आणि वजनही वाढत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, प्रथिनं कमी पडत असतील. उपजत असतील तर दोन-तीन वर्षांच्या वयातला फोटो डायरीत चिकटवून सरांना पाठवा.