‘टग’ला मराठीत काय म्हणावे?

वास्को येथील एका वाचकांनी विचारले आहे की, नौदलाच्या ‘ओशन गोइंग टग’ प्रकारच्या, म्हणजे खोल समुद्रात दुसरी जहाजे ओढून नेणाऱ्या जहाजावर लेख लिहिताना त्यांनी ‘सागरगामी कर्षनौका’ असा शब्द योजला, पण तो बंदरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या भावाला कळलाच नाही. तेव्हा ‘टग’च ठेवावा काय, आणि ठेवल्यास त्याचे लिंग कोणते?

माझ्या मते ठेवावा. मुरगाव बंदर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि त्यांच्या भाषेत या बोटीला ‘रेबोकादोर’ म्हणतात, तरीही आज धक्क्यावर ‘टग’च ऐकू येतो. ‘कर्षनौका’ अर्थाने बिनचूक असली, तरी ‘कर्षण’ म्हणजे ओढणे हे आधी समजावून सांगावे लागते. ‘ओढनौका’ ऐकताक्षणीच कळते. तिची अडचण निराळी आहे. बंदरातला टग ओढतो तितकाच ढकलतोही: पुढच्या टोकाला बांधलेले रबरी टायर तो जहाजाच्या कुशीला टेकवतो आणि त्याला हळूहळू धक्क्याकडे रेटत नेतो. यातले निम्मे काम ‘ओढनौके’त येत नाही.

खोल समुद्रातल्या टगाला मात्र हेच नाव शोभते. उसळत्या लाटांत दुसऱ्या जहाजाला टेकून रेटायला गेल्यास दोघांचीही मोडतोड व्हायची, म्हणून तिथे लांब दोर सोडून ओढण्यावाचून गत्यंतर नसते. हा दोर मुद्दामच इतका लांब आणि जड ठेवतात की मधल्या भागात तो पाण्यात झोळासारखा लोंबतो आणि लाटेचा हिसका त्या झोळातच जिरतो. ताठ दोर अशा हिसक्याने तुटू शकतो. आपल्या नौदलाने अशा टगांना ‘गज’ आणि ‘मातंग’ अशी नावे दिली आहेत, म्हणजे दोन्ही हत्तीच. त्यांपैकी ‘गज’ आपल्याच गोवा शिपयार्डने बांधलेला असून तो २००२ मध्ये नौदलात दाखल झाला. लाकडाचे ओंडके ओढणारा हत्ती ज्याने पाहिला आहे, त्याला या नावांचे मर्म सांगावे लागणार नाही.

रस्त्यावर बंद पडलेली गाडी दुसरीला बांधून नेतात त्याला आपण ‘टोचन करणे’ म्हणतो; तो शब्द ‘टो’ आणि ‘चेन’ यांपासून घडला असावा. बोलीने तो इतका पचवला आहे की परका वाटत नाही. तरीही ‘टोचननौका’ कोणी सुचवू नये.

‘ओशन गोइंग’साठी ‘सागरगामी’ चालेल, पण मी ‘खोल समुद्रातला टग’ असे लिहीन. आता लिंगाविषयी: नुसता ‘टग’ पुल्लिंगी ठेवावा आणि ‘टगबोट’ मात्र ‘बोट’ या शब्दामुळे स्त्रीलिंगी. अनेकवचन ‘टग’च राहते, ‘दोन टगे आले’ असे लिहिल्यास बंदरात गुंड शिरल्याचा समज होईल. तसेच ‘टगांनी जहाज ओढले’ असे लिहावे, ‘टग्यांनी’ नव्हे.