लम्पीच्या (गाई-बैलांच्या त्वचारोगाच्या) तातडीच्या लसीकरणाला किती पथकं आणि किती दिवस धरावेत?

तुम्ही दिलेले आकडे असे: बाधित गावाभोवती 5 किलोमीटरचा घेरा, त्यात 9,000 गाई-बैल, हाताशी 6 माणसं आणि आठवड्याची मुदत. या माणसांत ते होणार नाही. किती लागतील ते सांगतो. माझी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून यवतमाळकडे गेली, त्यामुळे हिशोब तिकडच्या गावांचा आहे.

कागदावर आपण दिवस मोजतो, पण खेड्यात लसीकरणाला मिळते ती फक्त सकाळ. उजाडल्यापासून गायकी (गावची गुरं राखणारा) ढोरं आखरावरून, म्हणजे ती जमतात त्या जागेवरून, हाकलून नेईपर्यंत, फार तर तीन तास. सोयाबीन निघत असेल तर बैल त्याही आधी शेतात गेलेले असतात. दुपारी गावात जाऊन उपयोग नाही, तेव्हा गोठ्यात वासरं आणि म्हातारी गायच सापडते. संध्याकाळी जनावरं परततात, पण अंधारात मानेची कातडी चिमटीत धरून सुई नेमकी कातडीखाली घालणं कठीण जातं, आणि बिचकलेला बैल मान झटकतो तेव्हा सुई वाकते ती वेगळीच.

म्हणून एका पथकाची (एक टोचणारा, सोबत धरणारा आणि लिहिणारा) एक सकाळ म्हणजे सरासरी 100 जनावरं धरा. दावणीला बांधलेली, मालक वेसण धरून उभा, असं असेल तर जास्त होतील. मोकळ्या कळपात खोडा (जनावर अडकवून धरायची चौकट) नसेल तर निम्मीसुद्धा होत नाहीत. वरून येणारा 'रोज 250'चा आकडा खुर्चीवर बसून काढलेला असतो, त्याला हो म्हणू नका.

आता वजाबाकी. चार महिन्यांखालची वासरं आणि आजारी जनावरं सोडली (लस फक्त निरोगी जनावरालाच) तर 8,500च्या आसपास उरतील. सातातले शेवटचे दोन दिवस सुटलेल्या जनावरांसाठी राखा: शेतातल्या गोठ्यातली, मोकाट, आणि मालक लग्नाला गेला म्हणून राहिलेली. राहिले पाच दिवस. रोज 1,700 म्हणजे 17 पथकं. तुमच्या सहातली दोन माणसं आजारी जनावरांच्या उपचारात अडकणारच, आणि आजारी गोठ्यातून उठून तोच माणूस निरोगी गोठ्यात सुई घेऊन जाता कामा नये. म्हणजे टोचायला चारच उरले. त्यांना सकाळचे 21-22 दिवस लागतील, आणि लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे जातात ते वेगळंच. तोवर रोग पसरवणाऱ्या माशा, डास, गोचिड थांबून राहत नाहीत.

बाकीचे 13 आणायचे कुठून? घेऱ्याबाहेरच्या दवाखान्यांतून उसने मागा, पण दवाखाना पूर्ण रिकामा करू नका, लम्पी तिकडेही पोहोचू शकतो. 2022च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लम्पी निघाला तेव्हा शेजारच्या बुलडाण्याला सावरायला फार वेळ मिळाला नव्हता. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आंतरवासितेतल्या (इंटर्नशिपच्या) मुलांसाठी जिल्ह्यातून पत्र पाठवा, खासगी पशुवैद्यकीय पदविकाधारकांनाही घ्या. टोचणारा प्रशिक्षित हवा. धरणारा आणि लिहिणारा मात्र गावचाच चालतो, किंबहुना तोच बरा.

आणि गायकीला रोजी द्या. ही ओळ अंदाजपत्रकात कुणीच लिहीत नाही. कोणाची गाय तांबडी, कोणाची बांडी मारकी, कोणती परवाच व्याली, हे त्याला पाठ असतं. तो तासभर उशिरा हाकतो म्हणाला तर तुमची सकाळ तेवढी लांबते. त्यापुढे दवंडीची काय कथा.

सकाळी मोबाइलवर नोंद करत बसू नका. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक आणि मालकाचं नाव वहीत घ्या, ॲपमध्ये दुपारी भरा. बिल्ला नसलेलं जनावर टोचून पुढे व्हा, बिल्ला मारायला दुसऱ्या दिवशी जा. दुपारचं दुसरं काम बर्फाचं. आईस पॅक रात्रभर गोठले पाहिजेत आणि रात्री वीज जाते, म्हणून डीप फ्रीझर कुठे चालू राहतो ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. कुपी फोडल्यावर लस काही तासांतच संपवावी लागते. 30 जनावरांच्या पोडासाठी (कोलामांच्या छोट्या वस्तीसाठी) 100 मात्रांची कुपी फोडण्यापेक्षा तो पोड शेजारच्या गावाला जोडा. सुई प्रत्येक जनावराला वेगळी, तेव्हा मागणी जनावरांच्या आकड्याने करा आणि दहा टक्के वर धरा.

गावांचा क्रम घेऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून आत. बाधित गाव शेवटी.

पोळा मध्ये येत असेल तर त्या दिवशी पथकं पाठवू नका, कोणी बैल टोचू देणार नाही. खांदशेकणीच्या (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात त्या दिवसाच्या) आदल्या सकाळपर्यंत बैल उरकून घ्या. टोचल्यावर मानेला गाठ येते, एखाद्या गाईचं दूध दोन-चार दिवस कमी होतं. हे दूधवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात दारं बंद मिळतात.

घेऱ्यातली गावं आणि पोड किती, खोडे किती ठिकाणी आहेत, हे कळवलंत तर कोणतं पथक कोणत्या सकाळी कुठे हे मांडून देतो.