मोठा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा बाहेर पडताना

४×५ इंची फिल्मचे सुटे तुकडे (शीट) वापरणारा मोठा कॅमेरा हातात आला की लगेच बाहेर पळावंसं वाटतं, पण आधी तो घरात दहा वेळा उघडा आणि मिटा. पिशवीत एक-दोन लेन्स आणि पाच होल्डर, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या पेट्या, पुरे. होल्डरमागे दोन शीट, म्हणजे दहा फोटो; दिवसभरात तेवढेही क्वचितच होतात. वजन लेन्समध्ये वाचवा, ट्रायपॉडमध्ये अजिबात नको.

जागेवर पोचल्यावर पिशवी न उघडता फिरा. लेन्स कुठे आणि किती उंचीवर हवी ते ठरलं, की मगच ट्रायपॉड रोवा. उतारावर एक पाय खालच्या बाजूला ठेवा. मधला दांडा शक्यतो वर काढू नका, कारण वाऱ्यात बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांमधला घडीचा भाता, शिडासारखा फुगतो आणि सगळं थरथरतं. मी अशा वेळी वाऱ्याच्या बाजूला उभा राहून झुळूक ओसरायची वाट पाहतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. फोकस भिंगाने तपासा, लेन्सचं छिद्र एफ/२२ इतकं लहान करा, शटर बंद करा, त्याची स्प्रिंग चढवा, मग होल्डर घाला आणि शेवटी स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पट्टी, ओढा. हा क्रम मनात नव्हे, तोंडाने म्हणा. शटर उघडं राहून माझ्या चांगल्या प्रकाशातल्या शीट गेल्यात, त्याचं दुःख अजून आहे. स्लाइड परत घालताना काळी बाजू बाहेर, म्हणजे ती शीट वापरलेली हे कळतं.

जवळचं फूल टिपताना बेलोजची लांबी मोजा: १५० मिमीची लेन्स ३०० मिमीवर गेली, तर एक्स्पोजर चौपट द्यावं लागतं.